इंडस्ट्रीतल्या माणसाकडं गेम आर्ट शिकायला 85 हजार घालू काय नको?

धोटा_शहापूर
नमस्कार मंडळी. वर्षभर नुसतं वाचालोय, आज पहिल्यांदा धागा काढालोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगावच्या शहापूरचा. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, तीन वर्षं उद्यमबागेत एका पॅटर्न शॉपमध्ये कॅडवर बसतोय. दिवसभर व्हॉल्व्ह बॉडी आणि पंप केसिंग. घरी आलो की रात्री 10 ते 1 ब्लेंडर (थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर). गेमचा नाद लहानपणापासून, खरं आता खेळणं कमी आणि बघणं जास्त झालंय. ही भिंत कशी केली असेल, ह्या दगडावर शेवाळ कसं आणलं असेल म्हणून तिथंच उभारतो आणि मागनं कोणतर गोळी घालून जातंय. मित्र शिव्या घालतात, अरे खेळ की, भिंत काय बघालास.

तर प्रश्न असा की एक ऑनलाइन मेंटॉरशिप बघून ठेवलीय. 12 आठवडे, आठवड्याला एक लाइव्ह क्लास, शिकवणारा माणूस मोठ्या गेमवर दहा-बारा वर्षं एन्व्हायर्नमेंट आर्टिस्ट (गेममधल्या जागा, भिंती, दगड करणारा) म्हणून काम केलेला. फी 85 हजार. माझी वर्षाची बचत तेवढीच हाय. फुकटचे व्हिडिओ बघून इथपर्यंत आलोय, पुढं सरकंना झालंय. काहीतर चुकालंय ते दिसतंय खरं काय चुकालंय ते कळेना.

असल्या माणसाकडून शिकणं खरंच वेगळं असतंय काय? कोण शिकलंय काय? बाबांना अजून सांगितलं नाही. बाबा हातमागावर बसतात, गेम म्हटलं की त्यांच्या डोळ्यापुढं मोबाइल घेऊन लोळणारं पोरगं येतंय.

गेट_नंबर_तीन
पहिला मी. रेल्वेचं गेट पडलंय, वीस मिनिटं निवांत, वाचालोय.

निपाणीकर_मामा
85 हजारात सेकंडहँड बुलेट येते. सांगून ठेवतो.

फुकट_फौजदार
कशाला घालायचे पैसे? सगळं यूट्यूबवर पडलंय. ब्लेंडर फुकट, गेम बांधायचं अनरियल इंजिन फुकट (गेम विकून दहा लाख डॉलर कमावलेस तर पुढच्या कमाईवर 5 टक्के दे, तेव्हा तू मला ओळखणारपण नाहीस). जीडीसी नावाची गेम बनवणाऱ्यांची मोठी परिषद असते अमेरिकेत, तिथली बरीच भाषणं फुकट बघायला मिळतात, बोलणारे सगळे इंडस्ट्रीतलेच. मी स्वतः यूट्यूबवरच्या ब्लेंडरमध्ये डोनट करायच्या धड्यापासून सुरू केलं, सगळ्यांनी तिथूनच केलंय. त्या डोनटवाल्याला एक रुपया दिला नाही आणि आज क्लायंटची कामं करतो.

वडगावची_लेक
डोनट काय, आपल्याकडच्यांनी कुंदा मॉडेल करायला पाहिजे. सबसरफेस स्कॅटरिंग (उजेड वस्तूच्या आत शिरून पसरतो ते) शिकायला त्याच्यासारखं काय नाही.

गेट_नंबर_तीन
आणि मांडे कापडाच्या सिम्युलेशनला.

खानापूरचा_पॉलीगॉन
ह्या विषयावर बोलायला हक्कानं येतोय. मूळ खानापूर, बेंगळुरात नऊ वर्षं एन्व्हायर्नमेंट आणि प्रॉप्सचं काम करतोय. 2016 ला 18 हजारांवर लागलो होतो, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं पिशवीत लोणचं घेऊन गेलेलो.

एक प्रसंग सांगतो. नवीन होतो, लोखंडी दरवाजा केलेला, वर बोल्टांची रांग. हाय पॉली (बारकाव्यांचं जड मॉडेल) केलं, लो पॉली (कमी त्रिकोणांचं हलकं) केलं, जडातले उंचवटे हलक्यावर भासवणारं चित्र म्हणजे नॉर्मल मॅप बेक केला, इंजिनात टाकला आणि सगळे बोल्ट खड्डे दिसायला लागले. दोन रात्री घालवल्या. परत बेक केलं, यूव्ही (मॉडेलची सपाट उलगडलेली कातडी) परत उलगडले, काय नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या लीड, मंगळूरच्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, चहाचा कप घेऊन माझ्या मागून चालल्या होत्या. थांबल्यापण नाहीत. चालता चालता म्हणाल्या, ग्रीन उलटा आहे. एवढंच.

झालेलं असं की ब्लेंडर नॉर्मल मॅपचा हिरवा चॅनेल ओपनजीएल पद्धतीनं धरतो आणि अनरियल डायरेक्टएक्स पद्धतीनं, म्हणजे वर-खाली उलटं. उजेड वरून असला की उंचवटा खड्डा दिसतो. एक टिक मारायची असते. दोन रात्री विरुद्ध तीन शब्द. इंडस्ट्रीतला माणूस म्हणजे हे.

फुकट_फौजदार
पाटील (पाटीलच असणार तुम्ही), हे गूगललापण विचारता आलं असतं.

खानापूरचा_पॉलीगॉन
काय विचारणार? "माझे बोल्ट खड्डे का दिसतात"?

फुकट_फौजदार
हेच शब्द इंग्रजीत टाकून आत्ता विचारलं. पहिल्याच उत्तरात ग्रीन चॅनेल उलटा कर म्हणून आलंय :)

गेट_नंबर_तीन
गेट उघडलं तरी मी इथंच आहे. मागची रिक्षा हॉर्न मारालीय.

शिवबसवनगर_आई
मी ह्या क्षेत्रातली नाही, पण आमच्या घरात हे घडलंय म्हणून लिहिते. मुलाला बारावीनंतर गेम डिझाइन करायचं होतं. आम्ही दोघं नोकरी करणारे, गावातल्याच एका इन्स्टिट्यूटमध्ये घातलं, नाव लिहीत नाही. दारात भलामोठा फ्लेक्स, त्यावर परदेशी गेममधली चित्रं, खाली "इंडस्ट्री एक्स्पर्टकडून शिका". एक लाख 40 हजार, दोन हप्त्यांत. पहिले दोन महिने सर चांगले होते म्हणे, मग ते सोडून गेले. त्यांच्या जागी जो मुलगा आला तो आधीच्या बॅचचा विद्यार्थी निघाला. आमचा मुलगा म्हणाला, आई, ते सर रात्री जो व्हिडिओ बघतात तोच सकाळी आम्हाला शिकवतात, मी पुढचा भाग बघून गेलो की त्यांना उत्तर येत नाही. फी परत मागितली तर पावतीच्या मागच्या बाजूचे बारीक अक्षरातले नियम दाखवले.

त्या शिकवणाऱ्या मुलावर माझा राग नाही हो, त्याला तरी कुठं नोकरी मिळालेली. पण धोटा, तू पैसे भरशील तेव्हा माणूस कोण आहे ते नीट बघ बाळा.

चंदगडी
काकू, हे सगळीकडंच हाय. आमच्या ओळखीतल्या दोघांचं असंच झालं.

बघायचं कसं ते सांगतो. गेम संपल्यावर नावं येतात न्हवं, आपण बटण दाबून पुढं ढकलतो ती, त्यात त्या माणसाचं नाव हाय काय बघ. गेमच्या श्रेयनामावल्या जमवून ठेवलेल्या साइट हायत, नाव टाकलं की कळतंय. मग आर्टस्टेशनवर, आर्टिस्ट आपलं काम टाकतात त्या साइटवर, त्याचं काम बघ. बघताना तारखा बघ, सगळं 2015 चं असलं आणि पुढं काहीच नसलं तर विचार की मधली वर्षं काय करत होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅचमध्ये किती पोरं घेतोय? 40 असली तर ते भाषण झालं, तुझ्या कामाकडं तो बघणार कधी.

धोटा_शहापूर
चंदगडी दादा, बघितलं. नाव दोन गेममध्ये सापडलं, एन्व्हायर्नमेंट टीममध्येच. बॅच 12 जणांची म्हणालेत.

काकू, लक्षात ठेवतो.

खानापूरचा_पॉलीगॉन
फौजदार, मघाशी हरलो, कबूल. रात्रभर विचार केला की मग अक्कांकडून मी नेमकं शिकलो काय. बटणं न्हवेत, ती कुठंपण मिळतात. हे ऐका.

एकदा लाकडी खोका करायला दिला. साधा खोका. मी तीन दिवस घातले. फळ्यांच्या शिरा, कोपऱ्याच्या पट्ट्या, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरची खाच मॉडेल केली, 2048 पिक्सेलचं टेक्श्चर (वर चढवायचं चित्र) एकट्या त्या खोक्याला. दाखवायला गेलो. अक्कांनी काहीच बोललं नाही, माझी फाइल लेव्हलमध्ये ठेवली, प्ले दाबलं, कंट्रोलर माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, शोध. गोदामाची लेव्हल, दोन गुंडे मागं लागलेले, मी पळालोय. स्वतः केलेला खोका मला सापडला नाही बघा. दोनदा मेलो. मग त्यांनी दाखवला, आठ-दहा मीटरवर, अंधारात, वर ताडपत्री.

मग विचारलं, खेळणारा इथं किती सेकंद असतो? आणि त्याला काय दिसायला पाहिजे? दार. मग तुझ्या खोक्यानं दाराकडं बघायला मदत करायची का स्वतःकडं ओढायचं? त्या दिवशी मी खोका अर्ध्या तासात परत केला. कडा थोड्या घासल्या, बेव्हल दिलं (कड तासली) म्हणजे उजेड कडेवर पकडतो, टेक्श्चर बाकीच्या खोक्यांच्या ट्रिम शीटवरनं (सगळ्यांच्या सामाईक टेक्श्चरवरनं) घेतलं. स्क्रू गेले. कुणाला कळलंपण नाही.

हे कुठल्या गूगलला विचारायचं? मला प्रश्नच माहीत नव्हता. माझ्या मते तर खोका भारी झालेला.

फुकट_फौजदार
हे मान्य. हे भारी आहे. (85 हजार अजून मान्य नाहीत.)

रंगारी_अनगोळ
आमचं घर गणपतीचं. आजोबांपासून शाडूचं काम. मी दिवसा एका जाहिरातवाल्याकडं, रात्री झेडब्रश (कॉम्प्युटरवर मातीसारखी मूर्ती घडवायचं सॉफ्टवेअर). पॉलीगॉन दादांचं वाचून एक आठवलं.

बाबा मूर्तीची डोळ्यांची आखणी करायच्या आधी एक जुना आरसा घेतात, न्हाव्याकडं असतो तसला, आणि मूर्तीकडं पाठ करून आरशातनं बघतात. लहानपणी वाटायचं काहीतर पूजेचं असेल. सरळ बघितलं की डोळ्याला सवय झालेली असते, सोंडेचा वळ, खांद्याचा उतार वाकडा असला तरी कळत नाही, आरशात लगेच कळतो. झेडब्रश शिकायला लागलो तेव्हा ज्या बाईंकडं आठ क्लास केले (त्या गेममध्ये कॅरेक्टर आर्टिस्ट होत्या), त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, दर दहा मिनिटांनी चित्र आडवं फ्लिप करून बघा. मला हसू आलं. म्हटलं मॅडम, आमच्या घरात खिळ्याला टांगलंय ते बटण.

खरं एक सांगतो, बाबांनी कधी कारण सांगितलं नाही. चुकलं की बोटानं माती दाबायची, झालं. बाईंनी कारण सांगितलं. दोन्ही पाहिजे. फक्त दाबून घेतलं तर मी दुसऱ्या कुणाला शिकवू शकत नाही.

जुना_कॅम्पकर
रंगारी, छान लिहिलंस. आपल्या गावात ही परंपरा आहे हे नव्या मुलांना माहीत नसतं. के. बी. कुलकर्णी सरांकडे शिकून किती चित्रकार बाहेर पडले, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, बेळगावातच जन्मलेले. तेव्हा कॉम्प्युटर कुठला? पण शिकवणारा स्वतः रोज काम करणारा असला की विद्यार्थ्याला नुसतं शेजारी बसूनही खूप मिळतं. आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी आम्हाला रविवारी किल्ल्याच्या खंदकाजवळ बसवून एकच झाड चार वेळा काढायला लावलं होतं, सकाळी सहा, नऊ, बारा आणि चार. चौथ्या वेळी आम्ही कंटाळून झाड सोडून सावलीच काढली. मास्तर म्हणाले, आता जमलं.

वडगावची_लेक
आबा हे गेममध्ये लायटिंग आर्टिस्ट म्हणून वेगळं पद असतं त्याचं काम झालं.

सीमेवरचा_सैनिक
सगळं ठीक आहे पण कोर्स मराठीत आहे का? आपल्या मुलांनी इंग्रजी नाहीतर कन्नडमधून का शिकायचं? यावर कुणी बोलत नाही.

टिळकवाडी_2014
आला. वाटच बघत होतो कधी येतोय. गावाचं नाव कागदावर बदललं त्याच वर्षी मी आयडी काढला, तेव्हापासून एकपण धागा ह्याशिवाय संपलेला नाही.

खानापूरचा_पॉलीगॉन
सैनिक दादा, माझ्या अक्का कन्नड-तुळू बोलायच्या, शेजारचा पोरगा मल्याळी, क्लायंटचे शेरे इंग्रजीत, शिव्या हिंदीत. यूव्हीला सगळे यूव्हीच म्हणतात. आपल्याला घरात दोन भाषा कानावर पडलेल्या, तिथं उलट फायदाच झाला. मराठीत कोण शिकवत असेल तर चांगलंच, मी स्वतः आधी जाऊन बसेन.

व्यवस्थापक
सीमाप्रश्नासाठी वेगळा धागा आहे, 214 पानं झाली आहेत, तिथे स्वागत. इथे फक्त पॉलीगॉनची सीमा.

पेठेतून_पुणे
मी जरा वेगळं बोलते. आतापर्यंत सगळे आर्टवर बोलतायत, पण गेम आर्ट आणि गेम डिझाइन ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि जाहिरातीत मुद्दाम एकत्र लिहितात. डिझाइन म्हणजे चित्र नव्हे, नियम. खेळणाऱ्याला कधी काय करावंसं वाटेल ते ठरवणं. मी मूळची निपाणीची, इथे पुण्यात एका स्टुडिओत लेव्हल डिझाइनला आहे.

मला ज्यांनी शिकवलं त्यांनी पहिला महिना कॉम्प्युटर लावूच दिला नाही. म्हणाले, लहानपणी काय खेळायचीस? म्हटलं चौका-बारा. मग आण म्हणाले. मी पाच बाय पाचची घरं खडूनं आखली, चिंचोके फोडून, दगडावर घासून फासे केले, आजी करायची तसे. दोन डाव खेळलो. तिसऱ्या डावाला त्यांनी एकच नियम काढून टाकला. आमच्याकडे समोरच्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरात शिरता येत नाही ना, तो. आता न मारताच आत जा म्हणाले. दहा मिनिटांत खेळ मेला. कुणी कुणाच्या वाटेला जाईना, सगळे आपापले बाहेरून फिरून आत. मग विचारलं, काय गेलं? ह्या एका प्रश्नावर मी आठवडाभर लिहीत होते. नंतर उलटं केलं, दोन मारल्याशिवाय आत नाही. तर डाव संपेचना, आणि जो मागे पडला तो कायमचा मागे.

आजही लेव्हलमध्ये एखादं कुलूप ठेवताना मला तो चिंचोका आठवतो, की हे कुलूप खेळणाऱ्याला दुसऱ्याच्या अंगावर पाठवतंय की नुसतं थांबवतंय.

आणि हे गुपित नाही, चांगल्या गेममध्ये उघड्यावर पडलेलं असतं. 1985 चा सुपर मारिओ घ्या. पहिल्याच पडद्यावर तो तपकिरी गूंबा समोरून येतो, उडी मारली नाही तर मेलास, दोन सेकंदांत. एकही सूचना लिहिलेली नाही. आणि आर्टवाल्यांसाठी त्याच गेममधली गंमत, ढग आणि झुडुप एकच चित्र आहे, रंग तेवढा बदललाय. अख्खा गेम 40 केबीमध्ये बसवायचा होता.

गेट_नंबर_तीन
ढग आणि झुडुप एकच??? चाळीस वर्षं फसवलं की ओ आम्हाला.

निपाणीकर_मामा
आपली निपाणीची पोरगी बघून बरं वाटलं. चौका-बाराला मीपण येतो. बुलेटचा मुद्दा तात्पुरता मागे.

रंगारी_अनगोळ
पुणे ताई, झुडुपावरनं आठवलं. शिवजयंतीच्या चित्ररथाला आमची टोळी किल्ल्याची तटबंदी करते. थर्माकोलचे चार तऱ्हेचेच दगड कापतो, तेच फिरवून, उलटे करून लावतो, लोकांना वाटतं शंभर तऱ्हेचे. गेममध्ये ह्याला मॉड्युलर किट म्हणतात हे नंतर कळलं. आणि मागची बाजू रंगवायची नाही, कारण तिथं जनरेटर असतो.

टिळकवाडी_2014
एका वर्षी तुमच्या मंडळाचा रथ बोळात उलटा फिरवावा लागला आणि अख्ख्या खडेबाजारानं जनरेटरचं दर्शन घेतलं. विसरलो नाही.

रंगारी_अनगोळ
तो कॅमेऱ्याचा दोष. आर्टचा नाही.

चंदगडी
आता जरा कडू बोलतो, कुणीतर बोलायला पाहिजे. मी चार वर्षं स्टुडिओत होतो, काँट्रॅक्टवर. आपल्याकडच्या स्टुडिओत बरंच काम बाहेरच्या गेमसाठी असतंय, खुर्च्या, बंदुका, गाड्या, कपडे, दगड. रेफरन्सचं बाड येतंय, तसंच्या तसं करायचं, शेरे आले की दुरुस्त करायचं. शिकायला मिळतंय भरपूर, खरं "माझा गेम" म्हणून कोण जात असेल तर तसलं काय नसतंय. 2023-24 मध्ये जगभर गेमवाल्यांनी माणसं कमी केली तेव्हा आमच्याकडचं कामपण आटलं, काँट्रॅक्ट वाढवलं नाही. आता घरी हाय, कोल्हापूरच्या दागिन्यांच्या दुकानांना थ्रीडी रेंडर करून देतोय, जमीन हाय थोडी. वाईट चाललंय असं न्हवे. बेळगावला बाजाराला आलो की जुनी पोरं भेटतात, सगळी हेच बोलतात.

म्हणून धोटा, नोकरी सोडू नको. रात्रीचं रात्री. पोर्टफोलिओत वीस कामं नकोत, तीन ठेव, तिन्ही अशी की त्यात काय काढायला मिळू नये.

वडगावची_लेक
एआयमुळे हे सगळं जाणार म्हणतात ते खरं काय?

खानापूरचा_पॉलीगॉन
चित्र काढून देतोय तो. शोध म्हटल्यावर खोका लपवायचा की दाखवायचा ते अजून माणूसच सांगतोय आमच्याकडं. पुढचं ज्योतिष मला येत नाही.

पेठेतून_पुणे
ज्यांना कॉलेजचाच रस्ता पाहिजे त्यांच्यासाठी, एनआयडीच्या (राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या) बेंगळुरू कॅम्पसला डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर कोर्स आहे, प्रवेश परीक्षा देऊन. कर्नाटक सरकारचं 2024 ते 2029 चं ह्याच क्षेत्राचं धोरण आहे, त्यातल्या योजना काकूंनी मुलासाठी बघाव्यात, सरकारी साइटवरून, एजंटकडून नको.

शिवबसवनगर_आई
धन्यवाद ग. लिहून घेतलं.

धोटा_शहापूर
चार दिवस आलो नाही, माफ करा. सगळ्यांचं दोनदा वाचलं. एक झालं ते सांगतो.

पॉलीगॉन दादांचा खोका वाचून वाटलं आपणपण एकच वस्तू नीट करूया. घरातली घेतली, मागावरचा धोटा (आडवं सूत घेऊन इकडनं तिकडं पळतो तो). आधी सवयीनं कॅडमध्ये काढला, व्हर्नियरनं मापं घेऊन, मिलिमीटरला मिलिमीटर. ब्लेंडरमध्ये आणला तर तीन लाख ट्रँगल, सगळे वेडेवाकडे. फेकून दिला, परत हातानं बांधला, अठराशे ट्रँगलमध्ये बसला. मग बेक केलं (ग्रीन बघून घेतला), सबस्टन्स पेंटरमध्ये (मॉडेल रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) लाकूड दिलं, त्यावर घासलेलं-झिजलेलं दाखवणारा तयार मास्क टाकला, सगळ्या कडांवर छान ओरखडे आले. खूश झालो. लिंक खाली देतो.

रात्री साडेबाराला बाबा पाणी प्यायला उठले. स्क्रीनकडं बघून उभारले. मी गप्प. म्हणाले, धोटा व्हय रे? म्हटलं व्हय. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा कधी चाललेलाच नाही."

म्हटलं म्हणजे? ओरखडे घातलेत की एवढे. तर आत जाऊन खरा घेऊन आले, बसले शेजारी. बोट लावून दाखवालेत, हे बघ खाली, पट्टीवरनं सरकून सरकून काचेसारखा झालाय, इथं ओरखडा असला तर सूत तुटतंय, ओरखडा पडला की आम्ही घासून काढतो. टोकाला लोखंड हाय तिथं मार बसतो, तिथं लाकूड फुगतं थोडं. आणि इथं, जिथनं अंगठ्यानं सुताची कांडी बदलतो, तिथं काळा पडलाय, तेलकट. वरच्या ह्या कडेला तू जे ओरखडे घातलास तिथं काहीच लागत नाही, तिथं अजून सुताराचं रंध्याचं निशाण हाय बघ. आणि होतं. तीस वर्षं झालीत, निशाण तसंच होतं. मी रोज बघालोय हा धोटा.

बाबांनी मग विचारलं, हे कशासाठी करालास. सांगितलं सगळं. 85 हजारपण सांगितलं. काय बोलले नाहीत, पाणी पिऊन झोपले. सकाळी जाताना म्हणाले, खालची बाजू नीट कर आधी.

गेट_नंबर_तीन
.

गेट_नंबर_तीन
(टिंब चुकून पडलं नाही. काय लिहू कळेना.)

फुकट_फौजदार
बाबांची फी किती?

खानापूरचा_पॉलीगॉन
लिंक बघितली. बाबांनी माझं काम कमी केलं, मी सांगणार होतो की झीज सगळीकडं सारखी आहे, त्यांनी कारणासकट सांगितलं. आता माझ्या खात्यातलं सांगतो.

रफनेस मॅपवर (कुठं चकचकीत, कुठं कोरडं ते सांगणाऱ्या चित्रावर) सगळं लक्ष घाल. रंगात फारसा फरक नको, खालची बाजू चकचकीत, अंगठ्याची जागा तेलकट म्हणजे मधली, वरची कोरडी. ह्या तिन्हीत फरक दिसला की रंग न बदलता लाकूड जिवंत होतंय. तयार मास्क काढून टाक, हातानं रंगव. आतल्या कांडीच्या खोबणीत तू बरेच ट्रँगल घातलास, ते सूत गुंडाळलं की दिसणारच नाहीत, तिथले काढून टोकाच्या गोलाईला दे, तिथं कोन दिसालेत. यूव्हीत लाकडाच्या शिरांची दिशा एका बाजूला आडवी झालीय, तपास.

मेंटॉरशिपचं विचारशील तर, नाव आहे, बॅच 12 ची आहे, तू एका जागी अडकलायस आणि अडकलायस हे तुला कळलंय, तर मी असतो तर केलं असतं. पण सगळे एकदम भरू नको, हप्ते देतात का विचार, आणि एका जुन्या विद्यार्थ्याच्या कामावर त्यांनी दिलेले शेरे दाखवा म्हणावं. दाखवत नसले तर नको.

चंदगडी
अनुमोदन. आणि धोट्यानंतर अख्खा माग कर. तुझ्या पोर्टफोलिओत तिघांतला एक तिथंच झाला.

निपाणीकर_मामा
बुलेटचा मुद्दा कायमचा मागे.

धोटा_शहापूर
विचारलं. तीन हप्ते देतो म्हणालेत, शेऱ्यांचा एक व्हिडिओपण पाठवला, 40 मिनिटांचा, एका पोराच्या पायरीवरच बोलालेत नुसतं, पायरीच्या मधोमध झीज का पाहिजे त्यावर. पुढची बॅच जूनला आहे. तोवर धोटा सुधारतो. शिरांची दिशा बघितली दादा, खरंच आडवी होती.

रंगारी_अनगोळ
माग करणार असशील तर मीपण येतो फोटो काढायला, टेक्श्चरला लागतील. रविवारी चालंल काय?

धोटा_शहापूर
रविवारी माग बंद असतोय, बाबा निवांत असतात. ये. नाश्ता करून येऊ नको.